उजव्या कौलाचा टायर

परवा नातीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. माझं तोंड बघायला नव्हे. तिनं फोन थेट गाडीच्या चाकाजवळ नेला आणि म्हणाली, "आजी, बघ ना, टायरला बाजूला टेंगूळ आलंय. दुरुस्त होईल, की नवीनच घालावा लागेल?"

मी चष्मा चढवला, फोन लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "गाडीत कोण कोण बसणार आहे?"

"आजी, मी टायरबद्दल विचारतेय."

"मीही टायरबद्दलच विचारतेय."

टेंगूळ आलं की टायर गेला, त्याला औषध नाही, हेही मी तिला सांगितलं. तिनं ते मुकाट्यानं ऐकलं. आमच्या घरात लग्न कुणाशी करावं, ताप आल्यावर काय घ्यावं, आमटीत गूळ किती घालावा, यांतलं काहीही मला आता कुणी विचारत नाही. टायरबाबत मात्र माझा शब्द शेवटचा. जावयानं गाडी घेतली तेव्हा त्यानं रंग स्वतः निवडला आणि टायर दाखवायला गाडी माझ्या दारात आणली.

हा मान मला एका बाईमुळे मिळाला. ती बाई म्हणजे पंधराएक वर्षांपूर्वीची मीच. पण इथे मी तिला 'ती'च म्हणणार आहे. तिची सगळी जबाबदारी अंगावर घ्यायची माझी तयारी नाही.

ती पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकली. नवरा ओरोसच्या सरकारी कचेरीतून नुकताच निवृत्त झाला होता आणि त्यानं ओळखीतून एक वापरलेली गाडी घेतली होती. चालवायला मात्र तो शिकला नाही. तो शेजारी बसायचा आणि आपल्या बाजूला नसलेला ब्रेक इतक्या निष्ठेनं दाबायचा की पायाखालच्या मॅटला भोक पडलं. ती मात्र जन्मतःच ड्रायव्हर असल्यासारखी वागे. आभाळ भरून आलेलं असलं तरी डोळ्यांवर काळा गॉगल. वाडीतून जाताना स्टिअरिंगवर एकच हात, दुसरा खिडकीबाहेर. वाडी संपून कुणी बघणारं उरलं नाही की दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि जीव मुठीत. वळण आलं की हॉर्न वाजवी. समोरून कुणी येतंय का यासाठी नव्हे, घरातली माणसं खिडकीत यावीत यासाठी.

तिचं एक ठाम मत होतं. स्टेपनी, म्हणजे डिकीत ठेवायचं ते जादा चाक, हे कच्च्या ड्रायव्हरांसाठी असतं. हे ती चारचौघांत इतक्या वेळा म्हणाली की नवऱ्याला ते पटलं. त्याचा एक दोस्त होडी घेऊन मासेमारीला जायचा, त्याला होडीच्या बगलेला बांधायला टायर हवा होता. नवऱ्यानं स्टेपनी देऊन टाकली. होडी धक्क्याला लागताना मधे आपला टायर दबतो, हे बघून तिला अभिमानच वाटला. आपल्या गाडीचं एक चाक समुद्रातही चालतं, असं ती जावेला म्हणाल्याचं मला आठवतं. जाऊ काही बोलली नव्हती. जावेचं न बोलणं हे तिला नेहमी मान्यता वाटे.

त्या वर्षी कोल्हापूरहून निरोप आला. सासूबाईंची धाकटी बहीण लग्न होऊन घाटावर गेली होती, ती अंथरुणाला खिळली होती आणि सारखी थोरलीचं नाव घेत होती. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. एसटीत त्यांना गाडी लागे, आणि घाट म्हटला की एसटीत पाय ठेवण्याआधीच लागे. त्यामुळे बहिणीकडे त्या कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या. निरोप ऐकून त्या पडवीत बसल्या जागेवरून एवढंच म्हणाल्या, "माका तिका बघूचा आसा." आणि पुन्हा सुंगटं, म्हणजे कोलंबी, सोलायला लागल्या.

घरात ठरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडी काढायची, नवरा आणि सासूबाईंना घेऊन फोंडाघाटातून वर जायचं. आमच्या वाडीतल्या एकाही बाईनं तोवर स्वतः गाडी चालवत घाट चढवला नव्हता. खरं म्हणजे एकाही बाईला तशी इच्छा झाली नव्हती, पण हा बारकावा तिच्या ध्यानात आला नाही. मरणाला टेकलेल्या मावशीकडे जायचं होतं आणि ती आरशासमोर गॉगल कपाळावर ठेवला तर कसा दिसतो ते बघत होती.

त्याच दुपारी पेट्रोल भरून परत येताना जावेच्या घरावरून ती चालली होती. जाऊ पडवीत शेजारणीशी बोलत बसली होती. तिनं हात वर केला. हात करताना मान वळली, मान वळताना गाडी वळली, आणि पुढचं डावं चाक गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कोपऱ्यावरच्या चिऱ्याला घासत गेलं. जाड गोणपाट फाडावं तसा आवाज झाला. बघणाऱ्यांत जाऊ, शेजारीण, आणि आवाज ऐकून बाहेर आलेले थोरले दीर. म्हणजे लपवण्यासारखं काही उरलंच नाही.

उतरून बघितलं. टायरची रस्त्याला टेकते ती बाजू शाबूत होती. पण बाहेरच्या अंगाला, जिथे आकडे लिहिलेले असतात तिथे, बांगड्याच्या कल्ल्यासारखी चीर पडली होती आणि आत पांढरे दोरे दिसत होते. हवा मात्र जात नव्हती.

आता प्रश्न आला, दुरुस्त करायचा की नवा घालायचा. बाजारातल्या दुकानात फोन केला, तर त्या मापाचा टायर मागवावा लागेल, चार दिवस तरी जातील, असं कळलं. आणि चार दिवसांत ठाण्याचे धाकटे दीर त्यांची उंच गाडी घेऊन गावी येणारच होते. ते आईला घेऊन घाट चढणार आणि ती गॉगल लावून मागच्या सीटवर पिशव्यांशेजारी बसणार. हे चित्र डोळ्यांसमोर आलं मात्र, तिला टायरची विद्या प्राप्त झाली. चिरलेला टायर वेगळा आणि फाटलेला टायर वेगळा, असं तिनं तिथल्या तिथे सर्वांना समजावून सांगितलं. चीर ही वरवरची असते. माणसाला खरचटलं तर आपण माणूस बदलतो काय?

नवऱ्यानं वाकून पाहणी केली. घरात तो मालवणी बोले, पण काही ठरवायची वेळ आली की त्याची कचेरी सुरू होई. "सदर टायर दुरुस्त करण्याजोगा आहे की बदलण्याजोगा, याचा निर्णय होईपर्यंत तो वापरू नये, असं माझं मत आहे," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "प्रवास रद्द करू नये, असंही माझं मत आहे." एवढं बोलून तो हात धुवायला गेला. तीस-बत्तीस वर्षं त्यानं असाच कारभार केला होता आणि त्याबद्दल निरोप समारंभात त्याला शाल मिळाली होती.

पंक्चरवाल्याकडे गेलो. तो कुणाचं मन मोडत नसे, त्यामुळे त्याच्याकडे कायम गर्दी. त्यानं चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडवून फिरवलं. एक बुडबुडा आला नाही. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू परीक्षेचा निकाल लागला.

"मगे झाला तर," ती म्हणाली. "वरून एक तुकडो चिकटव."

"चिकटवतंय की," पंक्चरवाला म्हणाला. "पण बाजू सारखी दबता-फुगता वैनी. थंय तुकडो रवणा नाय. रस्त्याक टेकता थंय खिळो घुसलो तर गोष्ट येगळी."

"म्हणजे नवो घालूक होयो?"

"तसा माझा म्हणणा नाय. पाण्यात ह्यो टायर पास आसा. रस्त्याचा माका विचारू नकात."

एवढं स्पष्ट उत्तर मिळूनही तिनं त्यातलं 'पास आसा' तेवढं ऐकलं. चिरेवर रबराचा तुकडा बसला. वरून तिनं काळ्या पॉलिशचा हात मारायला लावला, त्यामुळे तोच टायर चारांत नवा दिसायला लागला.

तरी घरी आल्यावर वाद मिटेना. थोरले दीर आयुष्यभर मुंबईच्या गोदीत काम करून आलेले. तिथल्या ट्रकांचे टायर त्यांनी पाहिलेले असल्यामुळे बाकी कुणी टायर पाहिलेला नाही असं त्यांना वाटे. ते म्हणाले, ट्रकाला असा टायर महिनाभर चालतो. जाऊ म्हणाली, ट्रकात आये बसत नाहीत. यावर दीर चिडले आणि म्हणाले, चला, देवीकडे कौल लावू.

कौल आमच्याकडे कशालाही लावतात. विहीर कुठे खणायची, पेरणी कधी करायची, मुलीला आलेलं स्थळ पत्करायचं की नाही. पुजारी मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे आपलं म्हणणं मांडतो, आणि जमलेले मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्या दिरांचा. आणि देवळाकडे चालता चालता दिरांच्या कानाशी कोण लागलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

टायर दुरुस्त करावा की बदलावा, असं देवीला विचारणं बरं दिसणार नाही, असं तिनं दिरांना पटवलं. देवीसमोर रबराच्या गोष्टी काय बोलायच्या? मोठं काहीतरी मागा. दिरांनाही मोठंच मागायला आवडे. ते हात जोडून, गळा काढून म्हणाले, "गे माऊली, ही तुझी सून उद्या गाडी घेऊन घाटाक जाता हा, तिका सुखरूप घराक परत हाड. तिच्या वाटेक कोण आडवो इलो तर तेका बाजूक कर."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

पाकळी उजवीकडची पडली. टप्पकन पडली, देवीला घाई असल्यासारखी. तिला भरून आलं. एका कापलेल्या टायरासाठी देवीनं उजवा कौल दिला, असं ती रस्त्यात भेटेल त्याला सांगत घरी आली. टायराचं नावसुद्धा गाऱ्हाण्यात नव्हतं, हे दिरांच्या लक्षात आलं नाही, नवऱ्याच्या आलं नाही, आणि जिनं ते काढून टाकायला लावलं होतं ती आता तेच विसरली होती. सासूबाई देवळात आल्या नव्हत्या. घरी येऊन सर्व हकीकत सांगितल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे उद्या जातो ना?"

सकाळी निघालो. कसालपर्यंत तिनं गाणी म्हटली. कणकवलीला एकदा नवऱ्यानं मॅट दाबली, पण ते सवयीनं. पुढे गाडी डावीकडे ओढतेय असं तिला वाटलं, तर तिनं रस्त्याला दोष दिला. मग चाकातून थड थड असा हलका आवाज यायला लागला, तर तिनं काचा वर केल्या. फोंडाघाटला पोचलो. घाटाच्या पायथ्याशी बाजार, बाजारात चहा. घाट चढण्याआधी प्रत्येक गाडी तिथे थांबते, म्हणून तीही थांबली. चहावाल्याला तिनं न विचारता सांगितलं की आपण वर चाललोय.

सासूबाई काठी टेकत खाली उतरल्या. पाय मोकळे करायला उतरल्या असतील असं वाटलं. त्या गाडीला वळसा घालून पुढच्या डाव्या चाकापाशी गेल्या आणि तिथेच उकिडव्या बसल्या. रबराचा तुकडा कुठेतरी वाटेत गळून गेला होता आणि चिरेच्या जागी टायर फुगून वर आला होता. सकाळपर्यंत काही नव्हतं, आता कोंबडीच्या अंड्याएवढं टेंगूळ. सासूबाईंनी त्यावर अंगठा ठेवून दाबलं. फणस पिकलाय का बघताना त्या असंच दाबत.

"आये, ता तसा असता," ती म्हणाली. "हवा गरम झाल्यावर फुगता. आणि देवीन उजवो कौल दिल्यान हा."

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. गॉगल होता, म्हणून त्यांना बहुधा त्यात स्वतःचंच तोंड दिसलं असेल.

"गो," त्या म्हणाल्या, "माका भयणीक बघूचा आसा. तुका घाट चढूचो आसा. दोनी कामा एका गाडयेन होवची नाय."

आवाज चढवला नाही. काठीसाठी हात पुढे केला, आणि नवऱ्यानं तो धरून त्यांना उठवलं. मग त्यांनी विचारलं, कोल्हापूरची एसटी कितीला.

ज्या बाईला एसटीचं नाव काढलं तरी मळमळायचं, ती एक लिंबू हातात घेऊन स्टँडवर उभी राहिली. बस आली. कंडक्टर वरून आणि मुलगा खालून, असं करून त्यांना पायऱ्या चढवल्या. खिडकीची जागा मिळाली. नवऱ्याला एकदा वाटलं की आपण गाडीपाशी थांबावं की आईबरोबर जावं, याचा विचार व्हायला हवा. सासूबाईंनी आतून हाक मारली तेव्हा तो विचार न करता चढला. माझ्या माहितीत तेवढं एकदाच.

बस घाटाकडे वळली. ती मागे राहिली, टेंगूळ आलेल्या गाडीशी. स्टेपनी असती तर चाक बदलून घरी तरी आली असती, पण स्टेपनी त्या वेळी मालवणच्या समुद्रात पक्क्या ड्रायव्हरसारखी डुलत होती. चहावाला मधून मधून विचारी, "वर जाणार होतात ना?" तिनं गॉगल काढून पर्समध्ये ठेवला. पर्समध्ये आदल्या दिवशीची काळ्या पॉलिशची डबी होती, तिचं झाकण निघालं आणि गॉगल त्यात बरबटला. त्यात तरी काय वाईट झालं?

दुपारी नवऱ्याचा फोन आला. पोचलो, मावशीच्या मुलाकडून टायर उतरत्या एसटीतून पाठवतो, माप सांग, म्हणाला. सासूबाई कशा आहेत, असं विचारल्यावर त्यानं बोलण्याऐवजी फोन खोलीकडे धरला. आतून दोन म्हाताऱ्या भांडताना ऐकू आल्या. वाद असा की त्यांची आई बांगड्याच्या तिकल्यात, म्हणजे तिखट कालवणात, तिरफळं ठेचून घालायची की अख्खी.

"ठेचून."

"आखी गो. तुका काय आठावता, तू तेव्हा पाळण्यात होतस."

अंथरुणाला खिळलेल्या बाईचा आवाज सासूबाईंपेक्षा वर होता. फोन बंद झाला तरी ती कानाशी धरून उभी होती, असं मला आठवतं. घाटातल्या कुठल्या तरी वळणावर ते टेंगूळ फुटलं असतं तर तिरफळांचा प्रश्न तसाच राहिला असता, हे तिला पहिल्यांदा तिथे कळलं.

संध्याकाळच्या एसटीतून टायर आला. कंडक्टरनं तो दारातून सोडला आणि तो स्टँडभर गडगडत तिच्या पायाशी येऊन पडला. लोक बाजूला झाले. दिरांनी देवीकडे मागितलं होतं त्याप्रमाणे, वाटेत आडवं येणारं सगळं बाजूला गेलं. नवा टायर चढवून ती सपाट रस्त्यानं एकटी घरी आली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. दुसऱ्या दिवशी थोरले दीर गावात सांगत फिरले की कौल खरा झाला, सून सुखरूप परत इली. आणि ते खोटं कुठे होतं? विचारलं तेवढंच देवीनं दिलं होतं.

कापलेला टायर नवऱ्याचा तो होडीवाला दोस्त मागायला आला. त्याला टेंगूळ चाललं. होडीच्या दुसऱ्या बगलेला अजून काही नव्हतं, ती बाजू उघडी पडली होती म्हणाला. अशा रीतीनं त्या टायराचा निकाल लागला. दुरुस्तही झाला नाही आणि टाकूनही दिला नाही. नवऱ्याच्या कचेरीतल्या कागदांसारखं त्याचं झालं, आणि नवऱ्याला त्याचं समाधान वाटलं.

सासूबाई बहिणीकडे बरेच दिवस राहून, लिंबू हुंगत एसटीनंच खाली उतरल्या. फोंडाघाटच्या स्टँडवर मी गाडी घेऊन उभी होते. डिकीत स्टेपनी होती. त्यांनी गाडीत बसण्याआधी चारी चाकांभोवती फेरी मारली, देवळाला मारतात तशी.

मावशी पावसाळ्यापुढे राहिल्या नाहीत. बाराव्याला जायचं होतं तेव्हा धाकटे दीर ठाण्याहून निघायला तयार होते, पण सासूबाई मला म्हणाल्या, "तूच चल." त्या दिवशी मी पहिल्यांदा घाट चढवला. गॉगल नव्हता, हॉर्न लागला तिथेच वाजला. नवऱ्यानं मॅट दाबली की नाही ते मी बघितलं नाही. वळणं किती होती, दरी कशी दिसत होती, समोरून कोण कोण आलं, यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. मागच्या सीटवर सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवरची डब्याची पिशवी कलंडू नये एवढंच माझ्या मनात होतं. डब्यात तिरफळं घातलेलं तिकलं होतं, अख्खी घातलेलं. बाराव्याच्या घरात मासे नेऊ नयेत हे त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांना बोलून दाखवायची माझी सोय नव्हती.

माथ्यावर गाडी सपाटीला लागली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"घाट इलो काय गो?"

"गेलो, आये," मी म्हटलं.